ताप बाहेरून आला नव्हता

ताई गेली. मलेरियाने नाही.

सकाळपासून फोनवर जो तो तेच विचारतोय, म्हणून आधी सांगून टाकतो. ब्रेन हॅमरेज. काल दुपारी, लॅबमध्येच.

बसवत नाहीये. उठतो, गेटपर्यंत जातो, परत येतो, लिहितो.

बऱ्याच जणांना ताई म्हणजे ‘मुंबईला मच्छरांवर काहीतरी करते ती’ एवढीच माहीत. मच्छरांवर नाही. मलेरियाच्या जंतूंच्या डीएनएवर.

मध्ये आमच्या अंजूरला मलेरिया पुन्हा आला. गेला गेला म्हणेपर्यंत घरोघरी ताप. गावाने मीटिंग घेतली. म्हणे, यंत्रमागांवरचे लूमवाले मुलुखाहून ताप घेऊन येतात, खोल्या खाली करा.

सगळ्यात मोठा आवाज आमच्या बाबांचा. खोल्या त्यांच्याच होत्या.

ताई मुंबईहून आली, तर दारात आमचे भाडेकरू रहीमभाई. बायको बाळंतीण, तापाने फणफणलेली.
"दीदी, इस हाल में इसको लेके कहाँ जाऊँ?"

ताईने बाबांना सांगितलं, "माझं काम होईपर्यंत कुणाला हलवायचं नाही."

मग दारोदार. बोट टोचायचं, रक्ताचा थेंब कागदावर घ्यायचा. गावकऱ्यांचाही, लूमवाल्यांचाही.

मला म्हणाली, "जंतूंनाही कूळ असतं रे. दहा गावांतून आले असतील तर कुळं वेगवेगळी निघतील. इथेच पसरत असतील तर एकच."

एकच निघालं.

शेजारच्या वहिनींच्या रक्तात जे कूळ, तेच रहीमभाईंच्या बायकोच्या. आणि ती तर वर्षभर मुलुखाला गेलीच नव्हती.

मग ताई त्या घरांभोवती साचलेलं पाणी शोधत फिरली. गोडाऊनच्या पायासाठी खणलेला खड्डा सापडला. वर नितळ पाणी, आत अळ्या.

खड्डा आमचा.

तिने भर मीटिंगमध्ये सांगितलं. बाबा ताडकन उठले. "बापाला चारचौघांत असं बोलतेस?"

एरवी मुंबईचं मराठी बोलणारी ताई त्या दिवशी गावचं बोलली. "बाबा, ताप भायेरून आला न्हाय. आपले जागेत हाय."

खड्डा बुजवला. खोल्या कुणी खाली केल्या नाहीत. ताप हळूहळू ओसरला.

पण बाबा तिच्याशी बोलेनात. दिवाळीलाही नाही.

पुढे दुसऱ्या गोडाऊनचं काम निघालं, तेव्हा त्यांनीच फोन केला. "येऊन बघून जा. पानी साठलाय. काय करू, तूच सांग."

दुसऱ्या दिवशी ती हजर. दोघं बापलेक चिखलात उभे राहून तासभर भांडत होते. मग हसत घरी आले.

ताई, आत्ता कुठे बाबा तुझ्याशी नीट बोलायला लागले होते गं.

‘श्रद्धांजली’ हा शब्द तुझ्या नावापुढे अजून लिहवत नाही.

‘येते’ म्हणून तरी जायचंस.