पुढच्या आठवड्यातली बारा माणसं

सदाशिवराव उमाटे दुकानात आलेल्या माणसाला "या" म्हणत नसत, आणि निघालेल्याला "पुन्हा या" तर नाहीच नाही. धंदाच तसला. वर्ध्याहून नालवाडीकडे जाताना टिनाच्या शेडमध्ये त्यांचं मयताच्या सामानाचं दुकान. बांबू, कोरं कापड, मडकं, गोवऱ्या, सुतळी, गुलाल. गिऱ्हाईक समोर आलं की सदाशिवराव उठून उभे राहायचे, "बाई का माणूस? उंची केवढी?" एवढंच विचारायचे आणि कामाला लागायचे. चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं. गावानं त्यांना मान दिला, पण हळदीला, बारशाला कधी बोलावलं नाही. बायको होती तोवर ती चिडायची. ती गेल्यावर चिडणारंही कोणी राहिलं नाही.

त्यांच्या वडिलांनी दोन नेम घालून दिले होते. पहिला असा की निरोप आल्याशिवाय टालावरून, म्हणजे लाकडाच्या वखारीतून, बांबू आणायचा नाही. कोणाच्या मरणाची वाट पाहत सामान भरून ठेवायचं म्हणजे काय, आपण माणसं आहोत की कोण? आणि दुसरा, ज्याचं सामान दुकानातून गेलं त्याचं नाव वहीत लिहायचं. नाव, वय, गाव, काय काम करायचा, कधी आणि कशानं गेला. पैशाचा त्या वहीशी काही संबंध नव्हता. ज्याला शेवटचं कापड आपण दिलं तो कोण होता हे आपल्याला माहीत असावं, एवढाच वडिलांचा हट्ट. वडील गेल्यापासून सदाशिवरावांच्या हातच्या अशा एकोणीस वह्या झाल्या होत्या, वर्षाला एक.

लहानू त्यांच्याकडे बावीस वर्षं होता. तीनचाकी रिक्षा ओढून टालावरून बांबू आणणं, फोडणं आणि तिरडी बांधणं हे त्याचं काम. गालात तंबाखूचा खर्रा, डोक्याला ओला दुपट्टा, उन्हाळ्यात ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा आणि तोंडाला अजिबात लगाम नाही. तिरडी बांधता बांधताही तो काहीतरी बोलून रडणाऱ्या माणसाला हसवायचा, आणि नवल म्हणजे त्याचा कोणाला राग येत नसे.

मुलगी समीक्षा संख्याशास्त्र शिकली होती. नागपूरच्या एका कंपनीचं काम ती घरी बसून करायची. कोणत्या किराणा दुकानात पुढच्या आठवड्यात किती बिस्किटं खपतील, कोणत्या औषधाच्या दुकानात तापाच्या गोळ्या किती लागतील, हे मागच्या विक्रीवरून काढून द्यायचं. दुकानदार तेवढाच माल भरतो, नासाडी होत नाही, गिऱ्हाईक परत जात नाही. सदाशिवरावांना त्यातलं फारसं कळत नव्हतं. पण पोरगी हुशार आहे म्हणून छाती फुगायची ती फुगायचीच.

मागच्या मे महिन्यात मात्र त्यांची पार लाज गेली. एकाच दिवशी चार निरोप आले आणि टालावर बांबू नाही. आंजी गावचं एक कुटुंब बापाचं मढं अंगणात बर्फावर ठेवून चार तास वाट पाहत बसलं. बर्फ वितळला. पुढं जे व्हायचं ते झालं. त्या म्हाताऱ्याचा मुलगा दुकानात आला, नुसता सदाशिवरावांकडे पाहत उभा राहिला. त्यापेक्षा त्यानं दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"बाबा, तुमच्या वह्या द्या मला," समीक्षा त्या दिवशी म्हणाली. "हे आधी कळू शकते."

"मरण कळते काय आधी? येडी झाली काय?"

"कोणाचं ते नाही कळत. किती ते कळते."

हिवाळाभर ती वह्या टाइप करत बसली. एकोणीस वर्षांची नावं, आणि प्रत्येक तारखेसमोर त्या दिवशीचं तापमान. मग एक दिवस तिनं बापाला लॅपटॉपसमोर बसवलं. मागचा मे महिना तिनं मुद्दाम झाकून ठेवला होता आणि आधीच्या वर्षांवरून त्या महिन्याचा अंदाज काढला होता. तो वाईट आठवडा, आंजीवाला. लॅपटॉपनं सांगितलं अकरा. वहीत होते बारा. सदाशिवरावांनी डोळे मिटले, नमस्कार केला, कोणाला ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"दिवसाचं ऊन एकटं नाही मारत, बाबा," समीक्षा सांगत होती. "रात्रही उतरली नाही की मारते. तीन दिवस पंचेचाळीसच्या वर आणि रात्री तीसच्या खाली येत नसलं, की आकडा दुप्पट."

त्या दिवशी त्यांनी वडिलांचा पहिला नेम मोडायचं ठरवलं. वाट पाहायला लागलेलं ते कुटुंब डोळ्यापुढून जात नव्हतं. पुन्हा कोणाला तसं बसवायचं नाही, मग पाप लागो की काही लागो.

यंदाच्या मे महिन्यात एका शुक्रवारी समीक्षा दुकानात आली ती चेहरा पाडूनच. हवामानाचा अंदाज आला होता. सोमवारपासून सेहेचाळीस, रात्री एकतीस. एरवी आठवड्याला पाच सामानं जायची. लॅपटॉप म्हणत होता बारा.

लहानू दारात बांबूच्या कामट्या काढत होता. "बारा? बाप्पा! मंग मी आतापासूनच बांधाले बसतो. समीक्षाबाई, नावं पण सांगून टाका ना, म्हणजे उंची मोजून येतो."

सदाशिवराव हसले नाहीत. "कोण असतीन हे?"

"नावं नाही सांगता येत, बाबा. पण कसे लोक ते येते." समीक्षानं स्क्रीन फिरवली. "पन्नाशीच्या पुढचे. चारातले तीन माणसं, एक बाई. उन्हात अंगमेहनत करणारे, आणि दुपारी बारा ते चार बाहेर असणारे. वह्यांतून तेच निघून राह्यलं."

"हे तं अर्धं वर्धा झालं की," लहानू म्हणाला आणि पुन्हा बांबू फोडायला लागला.

लहानू एकोणसाठचा होता. उन्हात रिक्षा ओढायचा. समोर बसला होता, हाताला घाम होता, आणि तिघांपैकी एकाच्याही डोक्यात उजेड पडला नाही. पडणार कसा? दुकानातल्या माणसांनी एवढ्या वर्षांत गिऱ्हाईकं तेवढी मोजली होती. वहीत लिहायचे ते नेहमी दुसरे. लिहिणारा आणि बांधणारा त्यात कधी आलाच नव्हता.

शनिवारी टालावर बांबू नव्हता, ट्रक सोमवारी येणार होता. सदाशिवरावांना चैन पडेना. आकडा नुसता ऐकून घरी बसायचं हे काही त्यांच्या मनाला पटलं नाही. रविवारी सकाळी ते मजुरांच्या ठिय्यावर गेले. कामाची वाट पाहत चाळीसेक बायामाणसं उभी होती. सदाशिवरावांनी हात जोडले. "भाऊ, उद्यापासून दुपारचं काम करू नका. बारा ते चार सावलीत बसा. पाणी पीत राहा. लय वंगाळ ऊन येऊन राह्यलं."

जयवंता नावाची एक गिलाव्याचं काम करणारी बाई पुढं आली. सासऱ्याचं सामान तिनं त्यांच्याच दुकानातून नेलं होतं.

"तुमी? तुमी सांगाले आले?" तिचा आवाज चढला. "मयताच्या सामानवाला सकाळी सकाळी आमच्या तोंडापुढं येऊन म्हणते मराल म्हणून? घरी काय आमच्या पोट्ट्यायले तुमी जेवू घालता? निघा इथून!"

कोणीतरी त्यांच्या पायाशी थुंकलं. "आमची मापं घ्याले आले वाटते," मागून एकजण बोलला आणि लोक हसले. सदाशिवराव मान खाली घालून परतले. घरी येऊन समीक्षाला म्हणाले, "आपल्या तोंडून हे शोभतच नाई, बेटा." दिवसभर ते जेवले नाहीत. चाळीस परक्या माणसांपुढं त्यांनी हात जोडले, पण घरच्या माणसाला एका शब्दानं काही सांगितलं नाही.

सोमवारी अकराला टालावरून फोन आला, ट्रक उतरला. बारा तिरड्या म्हणजे चोवीस बांबू. लहानूच्या रिक्षात एका खेपेला बारा मावायचे. पहिली खेप त्यानं साडेबाराला आणून टाकली. तेवढ्यात पहिला निरोपही आला, एक हातठेलेवाला, बासष्ट वर्षांचा. त्याचं सामान सदाशिवरावांनी लावून दिलं. आकडा खरा व्हायला लागला होता.

लहानूनं माठातलं पाणी दोन तांबे ढोसलं. तोंड लालभडक झालं होतं. "भाऊ, दुसरी खेप आणतो. नाईतर दुसरा कोणी उचलन तो माल."

"जेवून जा ना बे."

"आल्यावर जेवतो. सुलोचनानं आज भाजी लय तिखट केली, उनात नाई जमत." तो हसला, दुपट्टा ओला करून डोक्यावर टाकला.

सदाशिवरावांनी घड्याळ पाहिलं. एक वाजून दहा. समीक्षाच्या तोंडचे शब्द त्यांच्या कानात होते, बारा ते चार. पण अजून अकरा सामानं लागणार, एवढंच त्या घडीला डोक्यात होतं.

"बरं," ते म्हणाले. "लवकर येजो."

रेल्वेपुलाच्या चढावर लहानू पडला. एका आटोवाल्यानं पाहिलं तेव्हा तो रिक्षाच्या दांडीला धरून बसला होता आणि बांबूंशी काहीबाही बोलत होता. अंग विस्तवासारखं तापलेलं, घामाचा टिपूस नाही. दवाखान्यात बर्फ लावला, सलाईन लावलं, डॉक्टरांनी जीव तोडून केलं. संध्याकाळी सहाला तो गेला. खिशात कांदा होता.

त्याची तिरडी सदाशिवरावांनी स्वतः बांधली. बावीस वर्षं हे काम लहानूनं केलेलं, त्यामुळं गाठी नीट बसेनात. तीनदा सोडून बांधल्या. मागून समीक्षा हुंदके देत होती, "माझ्यामुळं झालं बाबा, माझ्यामुळं." त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. "तुह्या आकड्यानं नाई," ते म्हणाले. "तो तं सांगून राह्यलता. मीच पाठोलं."

गुरुवारी काय झालं कोणास ठाऊक, दुपारनंतर ढग आले. चार थेंब पडले. पारा पाच अंशांनी उतरला आणि रविवारपर्यंत चढला नाही. त्या आठवड्यात दुकानातून सहा सामानं गेली. लहानूला धरून सहा. समीक्षाचा आकडा चुकला. हवामानाचा अंदाजच चुकला तर ती तरी काय करणार? पहिल्या खेपेचे बारा बांबू बरोबर संपले. दुसऱ्या खेपेचे, आटोवाल्यानं आणून टाकलेले, भिंतीला टेकून उभे होते.

तेरवी झाल्यावर लहानूची बायको सुलोचना दुकानात आली. कोणी सोबत नव्हतं. सदाशिवरावांनी स्टूल पुढं केलं, ती बसली नाही. ठिय्यावरची गोष्ट तिच्या कानावर गेली होती. जयवंतानंच सांगितली असणार.

"भाऊ, तुमाले मालूम होतं म्हणतेत."

"काय?"

"का उनानं माणसं जातीन. तुमी लोकायले सांगाले गेलते म्हणे, दुपारी भाईर पडू नका म्हणून."

"हाव. गेलतो."

"कसे माणसं जातीन ते बी मालूम होतं?"

समीक्षा आतून दारात येऊन उभी राहिली. सदाशिवरावांनी तिला हातानंच थांबवलं. खोटं बोलता आलं असतं. सुलोचनाला कुठं लॅपटॉप वाचता येत होता?

"होतं," ते म्हणाले.

"मंग आमच्या माणसाले काऊन पाठोलं, भाऊ? साऱ्या गावाले सांगतलं. त्यायलेच काऊन नाई सांगतलं?"

तिचा आवाज चढला नव्हता. ती रडतही नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं आणि त्याचंच सदाशिवरावांना भय वाटलं. आंजीचं ते कुटुंब, तो बर्फ, तो पोरगा, सगळं तिला सांगावं असं त्यांना वाटलं. पण तोंडातून निघालं ते एवढंच.

"सामान कमी पडू नये म्हणून, बाई."

सुलोचनानं मान हलवली. भिंतीशी उभ्या असलेल्या बांबूंकडे ती बराच वेळ पाहत राहिली.

"मंग? कमी पडलं?"

"नाई," सदाशिवराव म्हणाले. "उरलं."