ताठ लोंब्यांचे खाचर

रामभाऊ गेल्याचे मला भोरच्या बाजारात कळले. पासलीहून आलेल्या एका शेतकऱ्याने हाक मारली, "गुर्जी, तुमचा दोस्त गेला की. तापानं. तेरावंबी उरकलं. नदीला पाणी हुतं, सांगावा कोण धाडणार?" मी भाजी न घेताच घरी आलो. पुस्तक उघडून बसलो, पण ओळ पुढे सरकेना... अजूनही सरकत नाही.

शाळेत आम्ही एका बाकावर होतो. एकदा मास्तरांनी नदी उलटी वळवायला निघालेल्या माणसाची गोष्ट वाचून दाखवली. शेवटी नदी तशीच वाहते, माणूस तेवढा वाहून जातो. निसर्गाशी झुंजू नये, हे तात्पर्य आम्ही निमूटपणे पाटीवर उतरवले. रामभाऊ उभा राहिला. "पण मास्तर, बांध नेमका कुठं फुटला? ते लिवलंच न्हाई." वर्ग हसला. मास्तरांनी त्याला तास संपेपर्यंत उभेच ठेवले. त्याला त्याचे काहीच वाटले नाही, बसणे त्याला तसेही जमत नसे.

शाळा सुटल्यावर तो पासलीला शेतीत गेला. तिकडे भाताचे एकच पीक. उन्हाळ्यात शेण, पाला, फांद्या पसरून जाळायच्या, त्या भाजलेल्या राबात पावसाबरोबर बी टाकायचे आणि रोपे वाढली की खाचरांत लावायची. पीक हाताशी येते न येते तोच परतीचा पाऊस ते चिखलात लोळवी. हे दर वर्षी मुकाट सोसणारे गाव रामभाऊला बघवेना. एका चैत्रात त्याने राब भाजलाच नाही. परतीच्या पावसाआधीच पीक काढायचे म्हणून झऱ्याचे पाणी कावडीने आणून लवकर पिकणाऱ्या हळव्या भाताचे बी पेरले आणि पहिल्या सरींना रोपे सगळ्या खाचरांत लावून मोकळा झाला.

श्रावणात मी गेलो तेव्हा गावाच्या आधी त्याचे भात निसवले होते, लोंब्या बाहेर आल्या होत्या. मला बांधावरून ओढत तो म्हणाला, "बघ, येकबी लोंबी वाकली न्हाई!" गावातले म्हातारे बघायला जमले होते. एकजण म्हणाला, "रामा, भरलेली लोंबी वाकती रं." त्याच्या बायकोने, वहिनींनी, एक लोंबी तोडली, तळहातावर चोळली आणि फुंकर मारली. हातात काहीच उरले नाही. ऐन पावसात फुलोरा धुऊन गेला होता, दाणे भरलेच नव्हते.

त्या वर्षी त्यांच्या घरी नाचणीवर दिवस काढले. वहिनींनी मग वाटणी केली. "पावसाला हरवा न्हाईतर त्याच्या गळ्यात पडा. पर पोरांच्या ताटावर न्हाई. वरलं खाचर तुमचं. खालच्यांस्नी हात लावायचा न्हाई." तेव्हापासून वरच्या खाचरात दर श्रावणात ताठ लोंब्या दिसत आणि गाव हसे. "सोड आता," असे मीही एकदा म्हटले. तो म्हणाला, "पाऊस दमतो का? मग मलाच का दमवतोस?" मला तो हट्टच वाटला. आता वाटतो की नाही, सांगता येत नाही...

नदी उतरल्यावर मी पासलीला गेलो. वाटेत ठरवले होते की, वरचे खाचरही आता राबावर लावा, असे वहिनींना सुचवायचे. घरात कमावता हात एकच उरला होता, आणि त्या एका खाचरात पोरांचे दोन महिने निघाले असते. वहिनी ओट्यावर पाखडत होत्या. "तुमच्या दोस्ताचं झोडलं," म्हणाल्या. सुपातून फोलच फोल उडत होते. शेवटी उरलेले दाणे त्या एका वाटीत टाकत होत्या. "भरल्यालं तेवढंच निवडायचं आन् फिरून तेच पेरायचं. समदी सालं ह्येच केलं आमी. पयल्या साली चिमूटभर घावलं हुतं." वाटी भरलेली नव्हती, पण तिचा तळ दिसत नव्हता. मी योजलेले बोललो. दोन महिन्यांचे खाणे, पोरे, सगळे.

"पोरांचं बघीन मी," त्या म्हणाल्या. "रानातनं कंदमुळं आणीन, कुणाच्या बांधावर कामाला जाईन. पर भावजी, वरल्या खाचरात ह्येच पेरायचं. न्हाईतर हे येवढंसं शिजवून कुणाचं पोट भरायचं व्हय?"

आणि त्यांनी सूप पुन्हा वाऱ्याकडे धरले.