भिंतीकडे तोंड

बिराजदार गुरुजी ज्योतिष्यांची परीक्षा घेत, तेव्हा स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहत. टेबलावर पत्रिका, समोर ज्योतिषी, भोवती बघे, आणि ज्यांनी आव्हान दिलं तेच गृहस्थ शिक्षा झालेल्या पोरासारखे कोपऱ्यात. लोक हसायचे. गुरुजी मागे न वळता म्हणायचे, "माझं तोंड लई चहाडखोर हाय. समोरचा बरोबर वाटंला लागला की लगेच सांगून टाकतंय." खरं तर कोणती पत्रिका कोणाची हे त्यांनाही ठाऊक नसायचं. उदगीरचे त्यांचे एक मित्र पत्रिका निवडून आणायचे. तरी गुरुजी भिंतच पाहायचे.

चाकूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेतून ते मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले आणि त्यांनी हा उद्योग मागे लावून घेतला. आव्हान साधं होतं. वीस माणसांच्या पत्रिका. दहा जणांचं लग्न झालेलं, दहा जण जन्मभर बिनलग्नाचे राहिलेले. विसापैकी सोळा बरोबर ओळखा आणि एक लाख रुपये घेऊन जा. उत्तरांचं पाकीट ते डिंकाने चिकटवत नसत, पोती शिवायच्या दाभणाने शिवत. "डिंक वाफंनं सुटतो. सुतळी कापली तर दिसती," हे त्यांचं शास्त्र. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, चहा देताना म्हणायच्या, "ह्या माणसाशी माझं लगीन कसं झालं, ते सांगणाऱ्याला मी माझ्या पाटल्या देते." गुरुजी सर्वांत मोठ्याने हसायचे.

मला शाळेत त्यांनीच घातलं. वडील मला खांद्यावर बसवून घेऊन गेले होते आणि आई दाराशी उभी होती. जन्मतारीख विचारल्यावर आईने सांगितलं, "किल्लारीचा भूकंप झाला तवा ही पोटात होती बघा. ज्वारी हुरड्यात आली अन् ही झाली, दिवेलागणीला." गुरुजींनी बोटं मोजली. माझी सहा वर्षं पुरी होत नव्हती. वर्षभर घरी ठेवली तर पोरगी धाकट्या भावाला सांभाळायला बसेल आणि पुन्हा शाळेचं तोंड पाहणार नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. "एक जून लिवतो, साल त्र्याण्णव," ते म्हणाले. "पोरीचं वरीस वाया जायला नको."

आमच्याकडे निम्म्या गावाचा वाढदिवस एक जूनला येतो, त्याचं कारण हे. खुद्द गुरुजींचीही एक जूनच होती, त्यांच्या गुरुजींनी लिहिलेली. दाखल्याप्रमाणे मी भूकंपाच्या चार महिने आधी जन्मले, आणि भूकंपाच्या पहाटे आई मला पोटात घेऊन घराबाहेर पळाली. आम्ही या गोष्टीवर खूप हसायचो. मी तेविशीत असताना लोह्याचं स्थळ आलं आणि हसणं थांबलं.

मुलगा मला आवडला होता, हे सरळच सांगते. महिनाभर आम्ही फोनवर बोललो. मोटरसायकल शिकवतो म्हणाला होता. साखरपुड्याची बोलणी झाली आणि मुलाच्या आजीने पत्रिका मागितली. माझी पत्रिका कधी केलेलीच नव्हती. वडिलांनी शाळेचा दाखला दिला आणि आईने सांगितलेली दिवेलागणीची वेळ. लोह्याच्या ज्योतिष्याने पत्रिका मांडली आणि आठव्या घरात कडक मंगळ निघाला. सून आली तर मुलाच्या जिवाला धोका, असा निरोप आला.

वडील आधी घाबरले, मग त्यांना तारखेची गोष्ट आठवली. त्यांनी लोह्याला फोन केला. ज्योतिषीही समजूतदार निघाला. शाळेच्या तारखा कशा असतात ते त्याला माहीत होतं. म्हणाला, मुख्याध्यापकांनी खरी तारीख लिहून द्यावी, आपण नवी पत्रिका मांडू. वडिलांनी चाकूरला पंचांग बघून हुरड्याच्या दिवसांतली एक चांगली तारीख काढून आणली, पंधरा जानेवारी. मंगळ नाही, काही नाही. त्या रविवारी मला बरोबर घेऊन ते गुरुजींच्या ओसरीवर गेले.

वडिलांनी तारीख लिहून आणलेली चिठ्ठी गुरुजींनी वाचली. "एक जून खोटी हाय, एवढं लिहून देतो," ते म्हणाले. "पंधरा जानेवारी लिहून देणार न्हाई."

"गुरुजी, हुरड्याच्या दिसातलीच हाय की."

"आसंल. पण मला माहीत हाय का? जे माहीत न्हाई ते मी एकदा लिवलं, म्हणून तर आज तुमी हितं आलात."

वडिलांनी डोक्यावरची टोपी काढून त्यांच्या पायाशी ठेवली. मी ते दृश्य कधी विसरणार नाही. गुरुजी चटकन उठले, टोपी झटकून वडिलांच्या हातात दिली, आणि म्हणाले, "मी येतो लोह्याला. माझ्या तोंडानं सांगतो."

एस.टी.ने आम्ही तिघे गेलो. लोह्याच्या बैठकीत सगळ्यांसमोर गुरुजींनी सांगितलं, तारीख मी बनवली, पोरीचा दोष नाही, या पत्रिकेला काही अर्थ नाही आणि दुसऱ्या कुठल्या पत्रिकेलाही नाही. शेवटचं वाक्य त्यांनी गिळायला हवं होतं. मुलाच्या वडिलांनी पानाचा डबा बंद केला. "म्हंजे पोरीला तारीखच न्हाई म्हणा की," ते म्हणाले. "गुरुजी, एक खोटी लिवली. दुसरी लिवायला काय झालं होतं?" मुलगा आतल्या दारात उभा होता. तो मागे वळून आत गेला.

लग्न मोडलं. पुढे जी स्थळं आली त्यांच्या कानावर कधी मंगळ गेलेला असायचा, कधी बिनतारखेची पोरगी. वडील खचले. मी नांदेडला शाळेत गणित शिकवायची नोकरी धरली आणि दोन वर्षं गुरुजींशी एक शब्द बोलले नाही. त्यांची तत्त्वं त्यांना लखलाभ, असं मी आईला सांगायची. माझ्या संसारापेक्षा त्यांना स्वतःचं आव्हान मोठं वाटलं, असं मला वाटायचं. आजही कधी कधी वाटतं.

मग कळलं की लातूरला एका वाचनालयात परीक्षा आहे आणि एका नामवंत ज्योतिष्याने आव्हान स्वीकारलंय. गुरुजी हरतील तर बघावं, अशा कडू मनाने मी गेले आणि मागच्या बाकावर बसले. गुरुजी भिंतीकडे तोंड करून उभे होते, पाठीला पोक आलेलं. ज्योतिष्याने दोन तास लावले. सुतळी कापली, पाकीट उघडलं. विसापैकी दहा बरोबर. नाणं उडवलं असतं तरी तेवढेच आले असते. टाळ्या पडल्या.

गुरुजी वळले. "टाळ्या वाजवू नका," ते म्हणाले. "ह्या वीस पत्रिकांच्या तारखा दवाखान्याच्या कागदावरून घेतल्या. माझ्या शाळेतल्या पोरांच्या घेता आल्या न्हाईत, कारण त्या मीच बनवल्या होत्या. त्यातल्या एका तारखेपायी एका पोरीचं लगीन मोडलं. ह्या पंडितजींनी चुकीचं सांगितलं, तर मी चुकीचं लिवलं. आमच्यात फरक काय?" मी मागे बसलेय हे त्यांना माहीत नव्हतं. मी तशीच उठून बाहेर पडले आणि बसस्टँडवर जाईपर्यंत रडले.

गेल्या वर्षी उपचारासाठी ते नांदेडला मुलाकडे आले. मी भेटायला गेले. काकूंनी मला त्यांच्या खाटेजवळ बसवलं आणि आत गेल्या. गुरुजी फार वाळले होते. माझ्या शाळेची चौकशी केली, किती पोरं, कोणता वर्ग, गणितात पोरी कशा आहेत. मग मोठ्या कष्टाने कुशीवर वळले, भिंतीकडे तोंड करून.

"एक इचारतो," ते म्हणाले. "माझ्याकडं बघू नको. मी तुझं वाईट केलं का?"

मला समजलं ते का वळले. त्यांचा चेहरा पाहिला असता, तर मी नाही म्हटलं असतं. काकू आतून ऐकत होत्या. एक खोटा शब्द, फुकटचा, मरणाऱ्या माणसाला द्यायचा होता. पंधरा जानेवारीसारखाच.

"हो, गुरुजी," मी म्हणाले.

मग भिंतीकडेच तोंड ठेवून त्यांनी मागे हात केला. मी तो धरला. आठ दिवसांनी ते गेले, आणि खोटं बोलायला हवं होतं का, हे मला अजून कोणाला विचारता आलेलं नाही.