दुसरा साक्षीदार

पहिल्याच शनिवारी नववीच्या तेवीस मुलांनी मला लिहून आणलं, की महाराजांचा घोडा त्यांच्या वस्तीवरच्या विहिरीवर पाणी प्याला होता. तेवीस मुलं, तेवीस विहिरी! मी वह्या टेबलावर आपटल्या. "अरे, एवढं पाणी पिऊन तो घोडा चालला कसा?" वर्ग फिदीफिदी हसला. मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "बाई, म्हाराजांचा घोडा व्हता तो, साधासुधा न्हाई." त्यावर मात्र मलाही हसू आवरेना.

गाव मांडवगण फराट्याच्या अलीकडं, नदीकाठच्या उसाच्या पट्ट्यात. नव्वदचं दशक सरत आलं होतं, बाजारात नुकता एसटीडीचा पिवळा बूथ उघडला होता. मी एकटी, छत्तिशीतली, लग्न न झालेली. एका शेतकऱ्याच्या घराच्या पुढच्या अंगाला खोली भाड्यानं घेतलेली, खोलीपुढं ओटा. बाई विद्वान आहे पण तोंडानं फाटकी, असा गावात माझा लौकिक होता. तो खोटा नव्हता.

इतिहासाच्या तासाला मुलं उघड्या डोळ्यांनी झोपायची. सनावळ्या पाठ, तहाची कलमं पाठ, आणि डोळ्यांत काही म्हणून नाही. एक दिवस संतापून मी पुस्तक मिटलं आणि खेळ काढला. शाळा रंगवून उरलेल्या पांढऱ्या ऑइलपेंटनं लांब व्हरांड्यात साठ चौकोन आखले. मुख्याध्यापकांनी कपाळाला हात लावला. "बाई, पोर्शन कधी पुरा करणार? बोर्डाच्या पेपरात हे चौकोन येत न्हाईत." मी म्हटलं, पोर्शन पुरा नाही झाला तर माझा पगार कापा.

सोंगट्या म्हणजे पोरं स्वतःच. दर शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटचे दोन तास ज्यानं त्यानं आपापल्या चौकोनात उभं राहायचं. म्हाताऱ्या माणसाला गाठायचं, मी काढून दिलेले दहा प्रश्न विचारायचे आणि पुस्तकात नसलेली एक गोष्ट लिहून आणायची. खाली सांगणाऱ्याची सही नाहीतर अंगठा. एक गोष्ट, एक चौकोन. पण तीच गोष्ट दुसऱ्या आळीतल्या, दुसऱ्या घरातल्या माणसानं सांगितली तर एकदम चार चौकोन पुढं. अट एकच. दुसऱ्या साक्षीदाराला आधीची वही दाखवायची नाही, त्याच्या तोंडात शब्द घालायचा नाही. त्याचं त्याला आठवलं पाहिजे. घोडा पाणी प्याला म्हणून आणलं तर दोन चौकोन मागं.

चार चौकोनांपायी पोरं गावभर फिरायला लागली. बागायतदारांची पोरं धनगरवस्तीवर, वस्तीवरची पोरं त्यांच्या ओट्यावर. एक बागायतदार आप्पा शाळेत तरातरा आले. "बाई, माझा पोरगा वस्तीवर अंगठं मागत हिंडतोय. ह्यो कंचा इतिहास?" मी म्हटलं, "आप्पा, तुमचा." ते पाय आपटत गेले.

ह्या खेळात सगळ्यात चिवट निघाली ती धनगरवस्तीवरची एक मुलगी. दोन वेण्या, तोंडाचा पट्टा चालू, गुणांच्या बाबतीत सावकारापेक्षा कडक. माझ्या खोलीवर दूध घालायला तीच यायची. तिच्या आजीनं सांगितलं होतं, की मोठ्या दुष्काळात बांधाच्या कामावर सगळा गाव एका कढईतली सरकारी सुकडी खायचा, बागायतदारसुद्धा. दुसरा साक्षीदार म्हणून पोरीनं नेमकं त्याच आप्पांना धरलं. दुष्काळात काय खाल्लं, एवढंच विचारायची. ते तीन आठवडे "घरची भाकरी" म्हणत राहिले. चौथ्या आठवड्यात त्यांनी कोरं पान हातात घेतलं आणि म्हणाले, "सुकडी खाल्लीय. समद्यांबरूबर बसून खाल्लीय. लिही." आणि खाली सही केली, असं पोरीनं वर्गात सांगितलं. त्या शनिवारी वर्गात कुणी हसलं नाही. मला आनंदानं रडू फुटेल की काय असं वाटत होतं.

आणि मग मी खोलीवर आले, कुलूप काढलं, एका माणसाचा भात लावला. एवढ्या आनंदाचं करायचं काय, ते मला कळेना. सांगायला कुणी नव्हतं. दौंडला वडील होते. पण त्यांना मी काय सांगणार?

अण्णांचं आणि माझं बोलणं नव्हतं असं नाही. बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. ते रेल्वेत, दौंडच्या सिग्नल केबिनवर नोकरीला. मी सात वर्षांची असताना आई गेली आणि दिवस झाल्यावर मावशी मला शिरूरला घेऊन गेली. अण्णांनी मला एसटीत बसवलं, खिडकीतून हात केला, आणि त्यानंतर चार वर्षं मी त्यांना पाहिलं नाही. चार वर्षं! दौंड-शिरूर म्हणजे काय काळं पाणी आहे? मावशी चांगली होती, पण मावशीचं घर ते मावशीचं घर. तिच्या मुलींच्या फ्रॉकला शिंपल्याची बटणं, आणि माझ्या पाठीवर तिनं कुठलं तरी जाडजूड पितळी बटण लावून दिलं. थंडीत ते पाठीला गार लागायचं. मुली मला "हवालदार, हवालदार" म्हणायच्या. तेव्हा मी मनाशी एक प्रश्न धरला, की अण्णा, तुम्ही मला बघायला एकदाही का आला नाहीत? पुढं दहावीला मी दौंडला परत राहायला आले, त्यांच्या हातचं जेवले, त्यांच्या पैशावर बी.एड. झाले. पण तो प्रश्न विचारला नाही. मला भीती वाटायची, की ते म्हणतील, जमलं नाही.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी अण्णांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या डोळ्यानं तसंही अंधुकच दिसायचं. बघायला कुणी नाही म्हणून मी त्यांना पंधरा दिवस माझ्या खोलीवर आणलं. दिवसभर ते काळा चष्मा लावून ओट्यावर बसायचे. मी शाळेतून आले की विचारायची, "जेवलात?" "हो." "थेंब टाकू?" "टाक." दिवसातून चार वेळा मी त्यांची पापणी बोटानं वर धरायची. लहानपणानंतर त्यांच्या चेहऱ्याला माझा हात पहिल्यांदा लागत होता. त्यांचा श्वास माझ्या मनगटावर यायचा. एकदा माझ्या ओठांवर तो प्रश्न आलाही. मग मी बाटलीचं झाकण लावलं आणि वरण उतू जातंय का ते बघायला उठले.

एका संध्याकाळी दूधवाली पोर ओट्यावर वही घेऊन बसलेली दिसली. "काय गं?" "काय न्हाई बाई, आज्यांना इचारतीय." मी म्हटलं, ते ह्या गावचे नाहीत, चालायचे नाहीत. तर मला म्हणते, "तुम्हीच म्हनला न्हवं, गावात ज्यो बसला त्यो गावाच्या इतिहासात?" असं मी खरंच म्हटलं होतं. मी आत जाऊन पोळ्या लाटायला घेतल्या. बाहेरून अण्णांचा हळू आवाज येत होता. रेल्वेच्या गोष्टी सांगत असतील, असं मी धरून चालले.

डोळा बरा झाला, अण्णा दौंडला गेले. सहामाहीला खेळाच्या बावन्न वह्या टेबलावर साचल्या. शिक्षक असल्याशिवाय कळणार नाही, पण बावन्न वह्या वाचायच्या नसतात, उरकायच्या असतात. लाल पेन घ्यायचं, शेवटचं पान उघडायचं, "पाहिले" लिहायचं, तारीख घालायची. त्या पोरीच्या वहीवरही मी "पाहिले" लिहिलं. साक्ष एकच दिसली, म्हणून एक चौकोन दिला.

फेब्रुवारीत पिवळ्या बूथवाल्याचा मुलगा वर्गाच्या दारात आला. दौंडहून फोन होता. अण्णा सकाळी चहा पिता पिता गेले. शेजाऱ्यांनी सगळं केलेलं होतं, मी फक्त पोचले. तेराव्यानंतर परत आले, तेव्हा मुख्याध्यापक "बाई, पोर्शन सावकाश होऊ द्या" म्हणाले. मला रडू येत नव्हतं. माझी चिडचिड होत होती. माणूस उत्तर न देता निघून गेलं होतं, आणि आता विचारायचं कुणाला? रात्रीच्या जेवणाला मी नकळत दोन पाट मांडले आणि एक पायानं सरकवला.

वार्षिक परीक्षा झाली. खेळाचा शेवटचा शनिवार. पहिल्या येणाऱ्याला बक्षीस म्हणून मी शिरूरहून ॲटलास आणून ठेवला होता. एक मुलगा सत्तावन्नाव्या चौकोनात होता, ती पोरगी चोपन्नाव्यात. मी निकाल सांगणार, तेवढ्यात ती चौकोनातून ओरडली, "बाई, माझं चार चौकोन ऱ्हायलं! एका गोष्टीचा दुसरा साक्षीदार घ्यायचा हाय."

"आता? मग आण त्याला."

"हितंच हाय. तुम्ही."

वर्ग हसला. मी तिच्यावर डाफरले, की मी कसली साक्षीदार, मी तुझी वही वाचून सही केली आहे. साक्षीदारानं वही वाचलेली चालत नाही, हा नियम माझाच.

"तुम्ही 'पाहिले' लिव्हलंय," ती म्हणाली. "पाहिले म्हंजी वाचलं न्हाई. समद्यांना ठाव हाय."

माझे कान तापले. बावन्न पोरं माझ्याकडं बघत होती आणि कुणीही तिला खोटं पाडलं नाही. तिनं वही छातीशी घट्ट धरली.

"सांगा बाई. तुम्ही बारक्या व्हता तवा तुमच्या फ्राकला पाठीमागं बटन कशाचं व्हतं?"

हे बटण मी कुणाला, कधी, कुठं सांगितलं नव्हतं.

"पितळी," मी म्हटलं.

"कुणी लावलं?"

"मावशीनं."

"कवा? कंच्या वारी?"

मी आठवायला लागले. मावशी दारात बसून सुई ओवत होती, आम्ही सगळ्या घरी होतो, शाळेला सुट्टी होती. "रविवार असणार," मी म्हटलं. तिनं पेन काढलं, ते तसंच्या तसं लिहिलं, पान उलटलं आणि वही माझ्यापुढं धरली. "आता वाचा."

प्रश्न सातवा होता. मीच काढलेला. तुमच्या हातून घडलेली कुठली गोष्ट कुणालाच माहीत नाही? खाली तिच्या गिचमिड अक्षरात लिहिलं होतं:

"आज्या म्हनले, बायको वारली. लेक म्हेवनीनं शिरूरला नेली. म्हेवनी म्हनली, तुम्ही एकदा यीऊन गेला तर पोर चार दिस जेवनार न्हाई, ताप काढंल. तिला इसरू द्या, यीऊ नका. मंग मी दिसंल आसा गेलो न्हाई. ड्यूटी नसली का रविवारी यष्टीनं जायाचो. घरासमोर रसवंती व्हती, तितं आत बसायाचो. लेक आंगनात चौकोन आखून ठिकरी खेळायाची. तिचा चौकोन लई सरळ यायाचा. एकदा बघितलं, तिच्या फ्राकचं पाठीचं बटन तुटल्यालं, पाठ उघडी. मंग माझ्या रेल्वेच्या कोटाचं पितळंचं बटन तोडलं आन् मागच्या दारानं म्हेवनीला दिलं. म्हनलो, आत्ताच्या आत्ता लाव, पोरीला गारठा लागंल. सायबानं कोटाच्या बटनापायी दंड केला. चार वर्षं ग्येलो."

खाली अण्णांची सही. डोळ्याला दिसत नसताना केलेली, ओळ सोडून खाली घसरलेली. आणि त्याच्याखाली आणखी दोन ओळी, पोरीनं स्वतःच्या मनानं घातलेल्या:

"मी म्हनले, आज्या, बाईंना सांगा की. आज्या म्हनले, ती आख्ख्या गावाला इचारती. मला इचारंल तवा सांगंन."

मी कितीदा वाचलं, मला आठवत नाही. पंधरा दिवस, दिवसातून चार वेळा, माझं बोट त्यांच्या पापणीवर होतं. विचारायला एक वाक्य लागलं असतं.

"बाई," पोरगी हळूच म्हणाली, "सही."

मी अण्णांच्या सहीशेजारी सही केली. दुसरा साक्षीदार म्हणून, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. मग मी तिला विचारलं, विचारल्यावाचून राहवेना. "हे सांगताना ते रडले का गं?"

तिनं विचार केला. खोटी साक्ष द्यायची नाही, हे तिला मीच शिकवलं होतं.

"काय म्हाईत, बाई," ती म्हणाली. "काळा चश्मा व्हता."

मग ती लंगडी घालत चार चौकोन पुढं गेली आणि मी तिच्या हातात ॲटलास दिला.