काळी टिकली आणि नवी सिस्टीम

आमच्या घरात मला कॉम्प्युटर येतो, असा समज आहे. हा समज मी पसरवलेला नाही. मी फक्त तो आवरला नाही.

मी मूळचा भंडाऱ्याकडचा. आठवीत शाळा सोडली. (शाळेनं मला सोडलं असंही काही जण म्हणतात. वाईट दोघांनाही वाटलं नाही.) गावी थोरल्या भावाचं घर होतं, घरात वहिनी होती आणि वहिनीच्या डोळ्यांत मी होतो, कुसळासारखा. शेवटी ताईनं मला तिच्याकडे सोलापूरला बोलावून घेतलं. दाजी स्वतः स्टेशनवर आले आणि माझी पिशवी त्यांनी आपल्या खांद्यावर घेतली! त्या दिवसापासून मी त्यांचा इतका ऋणी आहे की ते नुसतं “आज ऊन लई हाय” म्हणाले, तरी आपलंच काहीतरी चुकलं असं मला वाटतं.

दाजींचं घर आणि धंदा एकाच छताखाली, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. शेजारी लूमची शेड, दिवसभर खडखडाट. लग्नात आहेराला द्यायच्या टॉवेल-नॅपकिनवर नवरानवरीची नावं भरून द्यायची, हा धंदा. नावं भरते मशीन. मशीनला सांगतो कॉम्प्युटर. आणि कॉम्प्युटरला कोण सांगतो? तर मी!

त्याचं असं झालं. मी नवानवा आलो होतो, घरात केर काढत होतो. अचानक कॉम्प्युटरची स्क्रीन काळी झाली. समोर गिऱ्हाईक बसलेलं. दाजी घामाघूम. दाजींच्या आई (मी त्यांना मावशी म्हणतो) मीठ-मिरच्या घेऊन दृष्ट काढायला धावल्या. इतक्यात टेबलाखाली माझी केरसुणी कशाला तरी अडकली. बघतो तर निसटलेली वायर. मी ती आत ढकलली. स्क्रीन उजळली! टेबलाखाली गेला तो केरवाला होता, बाहेर आला तो इंजिनियर.

“मेव्हणं, कुटं शिकलाव हो ह्ये?” दाजींनी विचारलं.

“गावाकडे जी,” मी म्हणालो. (खोटं नव्हतं. गावी आमचा पंखा असाच चालायचा.)

झालं! दुसऱ्या दिवसापासून माझ्या हातात केरसुणीऐवजी माऊस. स्क्रीनवर सगळं इंग्रजी. इंग्रजीची आणि माझी शाळेत ओळख झाली होती, पण घरी जाणं-येणं सुरू व्हायच्या आतच शाळा सुटली. मग मी जागा पाठ केल्या. हे चित्र दाबलं की नावं टाकायची जागा उघडते, ते दाबलं की मशीन सुरू होते. तरी भीती वाटायची, म्हणून ताईच्या पाकिटातल्या टिकल्या घेऊन थेट काचेवर चिकटवल्या. लाल म्हणजे उघड, हिरवी म्हणजे चालव, मरून म्हणजे थांबव. कुणाला शंका आली नाही. खंडेनवमीला यंत्राला हळदकुंकू लागतंच, मी बारा महिने लावतो एवढंच. मावशी तर येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगायच्या, “लई देवाधर्माचं हाय आमचं पोरगं.”

असं सगळं सुरळीत चाललं असताना एका सकाळी स्क्रीनच्या मधोमध एक चौकट उगवली. खाली दोन बटणं. माझी भाची श्रुती, जी तंत्रनिकेतनात शिकते आणि जिला खरोखरच कॉम्प्युटर येतो, तिनं मागून डोकावून वाचलं.

“मामा! नवी सिस्टीम यायलीय दिवाळीनंतर. आत्ताच बुक करून ठेवायची का विचारतंय. डावीकडं ‘बुक करा’, उजवीकडं ‘नंतर’.”

“नवी म्हणजे काय काय बदलतं गं?”

“सगळंच की!”

सगळंच. म्हणजे चित्रं नव्या जागी, टिकल्या जुन्या जागी आणि मी गावी, वहिनीच्या डोळ्यांत. त्याच दिवशी मी ‘नंतर’ बटणावर एक काळी टिकली लावली (दृष्ट लागू नये म्हणून काळी) आणि रोज सकाळी देवाचं नाव घेऊन ती दाबू लागलो.

पण चौकट कसली ऐकते! रोज उगवायची. शेवटी दाजींनी ती पाहिली आणि रात्रीच्या जेवणाला विषय निघाला.

“नवी सिस्टीम म्हंजे? ह्यालाच रंग मारून देणार?” मावशींनी विचारलं.

“न्हाय आजी. बाहेरनं हेच राहणार, आतनं सगळं बदलणार.”

मावशींनी भाकरी खाली ठेवली. “आमच्या थोरल्या जावंचं असंच झालतं.”

“पैसे किती?” दाजी म्हणाले.

“फुकट.”

फुकट म्हटल्यावर सगळे एकदम गंभीर झाले. पैसे मागितले असते तर सरळ नाही म्हणता आलं असतं.

“फुकट देतंय म्हंजे कायतरी खोट हाय,” मावशी म्हणाल्या. “आदी चार घरांत नांदू दे तिला. सुनंची चौकशी करतो आपण, हिची नगं?”

“पण तोवर संपली म्हणजे?” ताई म्हणाली. ती आता पक्की सोलापूरची झाली आहे. “बुक तर करून ठेवा की!”

“आई, ती संपत नसती गं!” श्रुती म्हणाली.

“तसं न्हाय,” दाजी म्हणाले. “मंगल कार्यालयाचं बघा. आदी बुक केलं तर बरी तारीख गावती. न्हायतर मग बसा उन्हात मांडव घालून.” मग त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि ज्याची मला भीती होती तेच म्हणाले, “पर आपण कशाला डोकं फोडायचं? मेव्हणं सांगतील. त्यांचा शबूद शेवटचा.”

सगळे माझ्याकडे बघू लागले. माझ्या तोंडात कडक भाकरी होती. (गावी आम्ही भात खाणारे, भात बिचारा गुपचूप पोटात जातो. इथली कडक भाकरी मी चावायला लागलो की मी अजून जेवतोय हे शेजारच्या लूमवाल्यांनाही कळतं.) ती तशीच गिळून मी जी सुचली ती थाप मारली.

“नव्या सिस्टीमला आपली मशीन ओळखूच आली नाही तर जी?”

तुळशीचं लग्न झालं की सीझन सुरू. पहिलीच मोठी ऑर्डर कुंभारी गावच्या पाहुण्यांची, त्यांच्या थोरल्या मुलीचं लग्न. आणि मशीन ओळखलीच नाही तर? दाजींनी कपाळावर हात मारला.

“बघा! ह्ये आपल्याला सुचलं असतं व्हय? बास. न्हाय घ्यायची. खंडेनवमीला पूजा झाली की सगळ्यांसमोर तुमच्याच हातानं ‘नंतर’ दाबून टाका.”

त्या रात्री मी एक भाकरी जास्त खाल्ली. सगळ्या एमआयडीसीला ऐकू जाईल अशी.

खंडेनवमी आली. कात्री, मशीन, कॉम्प्युटर, सगळ्यांना झेंडूच्या माळा. स्क्रीनवर तर दाजींनी अशी जाडजूड माळ सोडली होती की खालची काळी टिकली तेवढी कशीबशी डोकावत होती. आरती झाली. घरचे सगळे माझ्या मागे उभे राहिले. मी डोळे मिटले, आईला आठवलं, डोळे उघडले आणि काळी टिकली जिथे होती तिथे बाण नेऊन दाबलं.

कॉम्प्युटरनं टिंग केलं. आधी कधी केलं नव्हतं.

श्रुतीनं माळ बाजूला सारली. “मामा! हे काय? बुक झालं की!”

मी बघतच राहिलो. माझ्या सगळ्या टिकल्या एका सरळ रेषेत उभ्या होत्या, शाळेतल्या प्रार्थनेसारख्या!

“सकाळी ओल्या नॅपकिननं काच पुसली की मी,” ताई कौतुकानं सांगू लागली. “टिकल्या निघाल्या. म्हटलं, एवढ्या भक्तीनं लावलेल्या, परत लावाव्या. आधी कशा वेड्यावाकड्या होत्या! आता कशा छान वळीत लावल्यात, बघ.”

काळी टिकली त्या ओळीत नेमकी डाव्या बटणावर उभी होती. मी दाजींकडे पाहिलं. आता ते म्हणणार, काढा पिशवी. पण दाजींच्या चेहऱ्यावर हळूहळू वेगळाच प्रकाश पसरला.

“ऐनवेळी निर्णय फिरवला! ह्येला म्हणत्यात अनुभव!”

“त्येला कायतरी दिसलं असणार,” मावशी म्हणाल्या.

“हो जी,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

दुपारी मी श्रुतीला एकटीला गाठलं. “हे रद्द होतं का गं?”

“होतं की मामा. पण पप्पांनी सगळ्या गल्लीत सांगितलंय, आमच्याकडं पयली यायलीय म्हणून.”

मग माझी दिवाळी गेली ती गेलीच. लोक चकल्या खात होते, मी आवंढे गिळत होतो. भाऊबीजेला ताईनं ओवाळलं, तर वाटलं, ही शेवटचीच. आईचा फोन आला.

“कसा आहेस बाबू?”

“बरा आहे. येतो बहुतेक गावी.”

“सुट्टी मिळाली?”

“मिळेल असं दिसते,” मी म्हणालो. पलीकडे आई खूश झाली. घरात मी येणार म्हणून खूश होणारी तेवढी एकच. आणि तीही भावाच्याच घरी राहते.

नवी सिस्टीम अवतरली तेव्हा कुंभारीचे पाहुणे टॉवेलांचा गठ्ठा घेऊन समोर बसले होते. मावशी आरतीचं ताट घेऊन उभ्या. ताईनं सकाळीच पुन्हा सगळं घासूनपुसून घेतलेलं. माझी पिशवी भरून कॉटखाली तयार. स्क्रीनवर बराच वेळ एक चक्र फिरत राहिलं, मग मध्ये काहीतरी विचारलं, श्रुतीनं काहीतरी दाबलं आणि एकदम सगळं लख्ख उघडलं. माझी लाल टिकली स्क्रीनवरच्या नव्या चित्रातल्या आकाशात लटकत होती. हिरवी डोंगराच्या शेंड्यावर. काळी कुठल्याशा तळ्यात बुडालेली.

आणि अक्षरं? अक्षरं चक्क मराठी!

“भाषा विचारली, मी मराठी दिली,” श्रुती माझ्या कानाशी येऊन म्हणाली. “तुमच्यासाठी, मामा.”

म्हणजे हिला माहीत होतं!

“वाचा की मेव्हणं!” दाजी म्हणाले.

मी वाचलं. जन्मात पहिल्यांदा कॉम्प्युटर वाचला. “परिधीय उपकरण आढळले नाही. कृपया संयोजना तपासा.”

अक्षर न् अक्षर माझ्या ओळखीचं होतं आणि अर्थ मात्र एकाचाही लागत नव्हता. इंग्रजी होतं तोवर वाचता येत नाही ही सबब तरी होती. आता तीही गेली!

“ह्ये कुटलं मराटी?” मावशी म्हणाल्या.

“भंडाऱ्याकडचं असंल,” दाजी म्हणाले. “मेव्हणं, काय म्हणतंय ते?”

त्यातलं ‘नाही’ तेवढं मला कळलं होतं. मशीनवरचा दिवा बंद होता, तोही दिसत होता. माझी थाप खरी ठरली होती!

“लगीन तोंडावर आलंय हो,” कुंभारीचे पाहुणे हळूच म्हणाले. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

मी उठलो, आतल्या खोलीत गेलो आणि कॉटखालून पिशवी ओढली. मावशी मागोमाग आल्या आणि कॉटवर बसल्या.

“कुटं निघालास?”

“गावी जी.”

“का?”

मी पिशवीचा बंद आवळत राहिलो. मावशींनी उशीखालून टीव्हीचा रिमोट काढला आणि माझ्यापुढे धरला. रिमोटवर टिकल्या! एक लाल, एक हिरवी.

“लाल म्हंजे माझी मालिका. हिरवी म्हंजे आवाज. तुझं बघूनच लावल्यात की. मी काय त्येला पूजा समजत हुते व्हय?”

“दाजींना पण...?”

“त्येला पयल्या दिवसापासनं ठावं हाय. पर तुला येतंय म्हटलं की त्येला शिकायला लागत न्हाय. लई आळशी हाय माझं पोरगं.” त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेऊन स्वतःच्या पाठीमागे ठेवली आणि तिला टेकून बसल्या. “आता रडत नगं बसू. टेबलाखाली बघ जा. सूनबाईनं सकाळी पुसलंय सगळं.”

मी डोळे पुसत बाहेर आलो, थेट टेबलाखाली शिरलो. मशीनची वायर निसटून लोंबत होती. मी ती आत ढकलली.

वर टिंग झालं. मशीनचा दिवा लागला. टेबलाखालूनच मला दाजींचा आवाज ऐकू आला, लूमच्या खडखडाटावर चढवलेला.

“बघितलाव का पाव्हणं? जुन्या सिस्टीमचं बी तेच बघत्यात, नव्या सिस्टीमचं बी तेच. आमच्या घरातलं मानूस हाय!”

मी थोडा वेळ टेबलाखालीच बसून राहिलो. तिथे बरं वाटत होतं. शेवटी बाहेर आलो तर कुंभारीचे पाहुणे हात जोडून उभे.

“इंजिनियरसाहेब, आमच्या घरी बी एक कॉम्प्युटर हाय. कवापासनं बंदच पडलाय. येताव का एकदा बघायला?”

मी दाजींकडे पाहिलं. दाजींनी अभिमानानं मान डोलावली. मी मावशींकडे पाहिलं. त्यांनी रिमोट पदराआड घेतला.

“येतो जी,” मी म्हणालो, आणि ताईकडे टिकल्यांचं नवं पाकीट मागितलं.