साडभाऊंची आडवी सायकल

थकलेला माणूस आडवा होतो. आमचे साडभाऊ आडवे झाले, की समजावं ते निघाले. सबंध नागपुरात, आणि मला विचाराल तर सबंध विदर्भात, पाठ टेकून, पाय समोर पसरून, झाडांचे शेंडे बघत बघत मेथीची जुडी आणायला जाणारा माणूस एकच झाला, आणि तो माझ्या नात्यात निघाला. माझ्या बायकोची धाकटी बहीण त्यांना दिलेली. आमच्याकडे साडूला साडभाऊ म्हणतात. एकाच घरच्या दोन बहिणींनी ज्यांना सुधारायला घेतलं आहे, अशा दोन पुरुषांत जो जिव्हाळा असतो तो सख्ख्या भावांतही सापडत नाही, म्हणून मला हा शब्द फार पटतो.

साडभाऊ मूळचे उमरेडचे, विणकराच्या घरातले. वडील हातमागावर धोतरं आणि पंचे विणायचे. साडभाऊंनी माग सोडला आणि ते वीजखात्यात लाइनमन झाले. सगळी नोकरी त्यांनी सायकलवर केली. हॅण्डलला दोरखंडाचं वेटोळं, खांद्याला झोळी, डोक्यावर खात्याचं पिवळं हेल्मेट. पुढे हाताशी चार पैसे आले तेव्हा त्यांनी मेहुणीला स्कूटर घेऊन दिली, आणि स्वतः तिच्या मागून सायकलने जात राहिले. लग्नाकार्याला दोघं घरून एकदमच निघायची. मेहुणी पोचून, आहेर देऊन, जेवून, रुमालाला हात पुसत बाहेर यायची, तेव्हा हे मांडवाच्या दाराशी सायकलला कुलूप लावत असायचे. "एवढी घाई काहून करता जी तुमी लोक?" असं वर आम्हालाच विचारायचे.

निवृत्तीनंतर त्यांच्या कमरेने संप पुकारला. खांबांवर चढून चढून मणक्यांची वाट लागली होती. धंतोलीतल्या एका डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला आणि सायकलवर वाकून बसणं आता बंद, असं सांगितलं. दुसऱ्या कुणी यातलं 'बंद' ऐकलं असतं. साडभाऊंनी 'वाकून' ऐकलं. महिनाभर ते मोबाइलमध्ये डोकं घालून बसले, आणि एके दिवशी ट्रान्सपोर्टच्या गाडीतून एक भलंमोठं खोकं त्यांच्या दारात उतरलं. त्यातून तीन चाकं, एक लांबलचक नळा आणि आरामखुर्चीसारखं जाळीचं आसन निघालं. पुढे दोन चाकं, मागे एक, मध्ये जमिनीपासून वीतभर वर माणूस उताणा, आणि पॅडल पार नाकासमोर. साडभाऊंनी दोन दिवस खपून ती हॉलमध्ये स्वतः जोडली, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि बाहेर काढायला गेले, तर ती दारातून निघेना. सारा जन्म मापं घेऊन तारा ताणणाऱ्या माणसाने स्वतःच्या दाराचं माप घेतलं नव्हतं. तिसरा दिवस ती पुन्हा खोलण्यात गेला. अंगणात जोडल्यावर मेहुणीने दुसरा नारळ दिला नाही.

नारळ न देण्याला कारण होतं. घरावर दोन खोल्या चढवायचं ठरलेलं होतं, गवंडी येऊन गच्ची पाहून गेला होता, आणि त्याच पैशांतून हे खोकं आलं होतं. नक्की किती गेले हे तिलाही ठाऊक नव्हतं. ती रडवेली होऊन माझ्याकडे आली. "भाऊजी, तुमीच समजवा यायले. मजला वर चढवाचा सोडून यायनं गाडी एवढी खाली आणली, का मले आता वाकून बोला लागते."

मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. दुसऱ्याला समजावण्याचं काम आपल्याला जमतं, असा माझा तेव्हा समज होता. मी गेलो, चहा घेतला, आणि हातातला सगळ्यात भारी मुद्दा आधी टाकला. म्हटलं, "साडभाऊ, लोक तुम्हाला अपंग समजतील."

"समजू द्या नं," ते म्हणाले. "त्यायच्या समजल्यानं माही चेन उतरते का?" मग त्यांनी मला खड्डामाग समजावून सांगितला. विणकर खड्ड्याच्या काठावर बसतो, पाय खाली सोडतो आणि बसल्याबसल्या पायांनी पावड्या दाबत राहतो. "माहा बाप जिंदगीभर असाच बसून पाय मारत राह्यला, साडभाऊ. इतले पाय मारले त्यानं, पन जागचा हलला नाही. मी त्याच आसनात बसतो, अन् फुटाळ्याच्या तलावावर जाऊन येतो. सांगा, महाग पडली का?" मी चहाचा कप खाली ठेवून घरी आलो. मेहुणीला सांगितलं, की प्रकरण हाताबाहेर गेलं आहे.

त्यानंतरची तीन वर्षं आमच्या प्रतापनगरच्या चौकाने पाहिली. पहाटे पाचला रस्त्याकडेने एक पिवळं हेल्मेट सरपटत यायचं. सायकलवाल्याच्या पिंडरीमागे धावण्यात हयात गेलेल्या कुत्र्यांना प्रथमच सायकलवाल्याचा चेहरा आपल्या चेहऱ्यासमोर दिसला, आणि ती ओशाळून बाजूला झाली. उन्हाळ्यात डांबराची धग थेट पाठीला लागायची, म्हणून ते आसनावर ओला दुपट्टा अंथरायचे. एवढी खुजी गाडी ट्रकवाल्यांना दिसावी यासाठी मागे उंच काठी लावून झेंडा बांधणं भाग होतं. आता नागपुरात झेंड्याला रंग निवडा, की मागोमाग तुम्हाला मिरवणूक चिकटलीच. निळा म्हणा, भगवा म्हणा, हिरवा म्हणा, प्रत्येकाला आधीपासून मालक आहेत. साडभाऊंनी चार दिवस विचार केला आणि वडिलांनी विणलेला लाल चौकड्यांचा जुना पंचा फाडून काठीला बांधला. "काका, ही कोनती पार्टी?" असं कुणी विचारलं की ते म्हणायचे, "नवीन हाय. सध्या मी एकटाच हावो."

मी वर्तवलेलं भविष्य काही खोटं ठरलं नाही. पहिल्या वर्षी लोकांनी त्यांना खुशाल अपंग समजलं. पोलीस हवालदार चौकात गाड्या थांबवून त्यांना वाट करून द्यायचा. खेड्यावरून आलेली माणसं अदबीने विचारायची, "काका, हे कोन्या योजनेत भेटते? फारम कुठं भराव लागते?" एकदा मेहुणी देवळात गेली असताना हे बाहेर सायकलवर पडून होते, तर एका म्हातारीने त्यांच्या पोटावर एक केळं आणि एक नाणं ठेवलं आणि नमस्कार करून ती पुढे गेली. साडभाऊंनी नाणं देवळाच्या पेटीत टाकलं आणि केळं खाल्लं. मेहुणी दोन दिवस बोलली नाही.

पण खरा प्रश्न एकच असायचा, आणि तो नागपुरी माणूस नाव विचारण्याआधी विचारतो. "केवढ्याची?" या प्रश्नाला साडभाऊंनी तीन वर्षांत एकदाही उत्तर दिलं नाही. ते लगेच उठायचे, म्हणजे आधी एका कुशीवर वळायचे, मग हात टेकायचे, मग कण्हत उभे राहायचे, आणि म्हणायचे, "पयले बसून पाहा." विचारणारा बसायचा. दूधवाला बसला, हवालदार बसला, पोहेवाला हातातला झारा न सोडता बसला. बसलेला माणूस चौकाला एक फेरी मारून यायचा तो हसतच, आणि किंमत विचारायची विसरून जायचा. हळूहळू योजनेचे फॉर्म विचारणारे थांबले. साडभाऊ म्हणजे हौशी माणूस आणि ही गाडी म्हणजे त्याची भन्नाट हौस, हे सगळ्या भागाला पाठ झालं. तेवढ्या काळात त्या आसनावर न बसलेला ओळखीचा माणूस मी एकटा उरलो. त्यांनी मला कितीदा तरी बोलावलं. मी दरवेळी म्हणायचो, की मला शोभत नाही. मनातून मला त्या गाडीची लाजच वाटायची.

मग एका सकाळी मी दात घासत होतो, आणि डाव्या हातातला तांब्या पडला तो मला उचलता येईना. माझ्या डाव्या अंगावरून वारं गेलं. धंतोलीतच दवाखान्यात बारा दिवस काढले. बोलणं वाचलं, हातही बराचसा परत आला, पण डावा पाय मागे राहिला आणि तोल गेला तो गेलाच. घरी चार पायांचा वॉकर आला. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी बजावलं, की बाहेर पडा, नाहीतर हा पाय असाच राहील. मी पडलो नाही. फाटकापर्यंत एकदाच गेलो होतो. शेजारच्यांनी "कसं आहे आता?" असं त्या विशिष्ट मऊ आवाजात विचारलं आणि मी तसाच मागे फिरलो. पुढचे तीन महिने मी खिडकीशी बसून काढले. बायको पायाला तेल लावायची, आणि मी वाकड्यात शिरून तिच्याशी भांडायचो. पाय सुकत चालला होता, ते आम्हा दोघांनाही दिसत होतं.

साडभाऊ रोज यायचे, पेपर वाचायचे, तब्येतीचं चकार अक्षर काढायचे नाहीत. एका सकाळी ते आले ते थेट सायकल अंगणात घेऊन आले. दारात उभं राहून म्हणाले, "बसून पाहा."

मी चिडलो. म्हटलं, "लोक मला अपंग समजतील." म्हटलं खरं, आणि माझंच वाक्य माझ्या कानावर आलं. माझी मान खाली गेली.

साडभाऊंना सगळं आठवत होतं, पण त्यांनी टोमणा मारला नाही. जवळ येऊन बसले आणि म्हणाले, "नाही समजत, साडभाऊ. तीन सालापासून मी चालवून राह्यलो नं. या गाडीवर बसते तो अपंग नसते, सनकी असते, हे आता साऱ्यायले मालूम हाय. तुमाले कोनी तब्येत नाही विचारत. लावता शर्त?"

त्यांनी आणि बायकोने मला धरून आसनावर ठेवलं. डावा पाय पॅडलवर टिकेना, तर साडभाऊंनी खिशातून पंच्याचा उरलेला तुकडा काढला आणि पाऊल पॅडलला बांधून टाकलं. उजवा पाय मारला. त्याच्याबरोबर डावाही गोल फिरून आला. तीन महिने माझं ऐकत नसलेला तो पाय फिरताना मी पाहिला आणि मला रडू आवरेना. तोल सांभाळायचा नव्हता, पडायची भीती नव्हती. मागे झेंड्याची काठी धरून साडभाऊ चालत होते. ज्या कमरेसाठी ही गाडी आणली ती कंबर धरून, मधूनमधून थांबत ते चौकापर्यंत आले.

चौकात पोहेवाल्याने मला पाहिलं. मी डोळे मिटून घेतले. त्या मऊ आवाजाची वाट पाहू लागलो.

"अरे बाप्पा! काका, तुमीबी घेतली का?" तो ओरडला. "केवढ्याची?"

माणसाला कुणी एवढं सुंदर काही विचारू शकतं हे मला माहीत नव्हतं. दूधवाल्याने तेच विचारलं. हवालदाराने तेच विचारलं. सबंध रस्त्यात एकाही माणसाने माझा पाय पाहिला नाही. मी मागे वळून साडभाऊंकडे बघितलं, तर ते दुसरीकडेच बघत पोह्यांवर तर्री जास्त टाकायला सांगत होते.

त्यानंतर वर्षभर सकाळी सायकल माझी आणि चालणं त्यांचं. आता साडभाऊ आणि मेहुणी मुलीकडे बंगळुरूला असतात. तिथल्या लिफ्टमध्ये ही गाडी मावत नाही. यावेळी त्यांनी माप आधी मागवलं होतं. जाताना म्हणाले, "तुमच्याजवळ राहू द्या, तिथं खाली पडून राहीन त् गाडीले जंग लागन." दर रविवारी फोन येतो. आधी चेनची चौकशी होते, मग टायरमधल्या हवेची, आणि शेवटी, आठवलं तर, माझी.

परवाच्या रविवारी मी त्यांना सांगितलं, की आज अंबाझरी तलावापर्यंत जाऊन आलो.

"संगं कोन होतं?"

"कुणी नाही. एकटाच गेलो."

 मग, मी इतक्या वर्षांत कधीच न विचारलेलं विचारलं. "साडभाऊ, आता बसूनही पाहिलं. सांगा तरी, केवढ्याची होती हो?"

"वरच्या दोन खोल्या गेल्या नं तिच्यात," ते म्हणाले. "तुमाले मालूम हाय." मग म्हणाले, "पन त्या बांधल्या असत्या, त् तुमी चढून आले असते का?"

 ते घाईघाईने म्हणाले, "चेनले तेल टाकत जा," आणि त्यांनी फोन ठेवून दिला. मी वॉकर धरून अंगणात गेलो, आणि जेवायची हाक येईपर्यंत चेनला तेल घालत बसलो.