टाकं आधी, किल्ला नंतर

इंग्लंडात मिल्टन कीन्सला असताना आमच्या शेजारी एक इटालियन आजोबा राहायचे. तरुणपणी ते जवळच्या बेडफर्डच्या वीटभट्ट्यांवर कामाला आले आणि मग इथलेच झाले. बायको वारल्यावर मुलीकडे राहत होते. मी पुण्याहून सॉफ्टवेअरच्या कामासाठी आलेली. २००० नंतरची ती वर्षं. राउंडअबाउटांच्या, म्हणजे गोल चौकांच्या, त्या सपाट गावात धड एक चढ नाही म्हणून मी रोज चिडचिड करायची. आजोबांचीही नेमकी तीच तक्रार होती, त्यामुळे आमचं लगेच जमलं.

त्यांचं गाव डोंगरमाथ्यावरचं. तिथली बरीच माणसं बेडफर्डला आलेली, आणि दर उन्हाळ्यात ती आपल्या गावच्या संताचा उत्सव करायची. त्या वर्षी गावाचा इतिहास इंग्रजीत लिहून उत्सवात वाचायचं ठरलं, कारण नातवंडांना इटालियन येत नव्हतं. लिहायचं काम आजोबांकडे आलं आणि त्यांचं इंग्रजी सुधारायचं माझ्याकडे.

त्यांनी चार पानं आणून दिली. पहिल्या ओळीपासून एक सरदार. त्याने डोंगर निवडला, किल्ला बांधला, चर्च बांधलं, ते भूकंपात पडलं, मग सरदाराच्या नातवाने पुन्हा बांधलं. मी विचारलं, "आजोबा, पण वर पाणी कुठून यायचं?"

सह्याद्रीत हिंडलेला कुणीही हेच विचारेल. गडावर पोचलो की आम्ही बुरुजांच्या आधी पाण्याची टाकी शोधतो. कातळ खोदून पाणी साठवल्याशिवाय वर कुणी राहूच शकत नाही, मग तो राजा का असेना. हे आम्हाला शाळेच्या वयापासून ठाऊक असतं आणि मला त्याचा भारी अभिमान आहे.

"चौकाखाली टाकं आहे," ते म्हणाले. "खडकात खोदलेलं."

"किल्ल्याच्या आधीचं की नंतरचं?"

"आधीचं. खूपच आधीचं."

मग आजोबा खुलले. खालच्या दलदलीतला हिवताप आणि समुद्रावरून येणारे लुटारू यांना कंटाळून काही कुटुंबं डोंगर चढून वर आली. त्यांनी टाकं खोदलं आणि त्याच्याभोवती घरं उठली. सरदार आला तो आयत्या पाण्यावर. उन्हाळ्यात टाकं आटलं की बायका डोक्यावर तांब्याच्या घागरी घेऊन खालच्या झऱ्यावर जायच्या.

"तांब्याच्या? आणि डोक्यावर?" मी ओरडलेच. "आणि टाकं साफ कोण करायचं?"

ते हलक्या आवाजात म्हणाले, "माझे वडील. त्यांच्या आधी त्यांचे वडील. पावसाआधी दोराने खाली उतरून गाळ काढायचा. गावात आम्हाला चिखलवाले म्हणायचे. हे कुठे बोलू नकोस. माझ्या नातीला यातलं काही माहीत नाही, आणि कळायलाही नको."

मी मान डोलावली. आणि रविवारी नको तो आगाऊपणा केला. इंग्रजी सुधारता सुधारता टाकं पहिल्या पानावर आणलं, आणि त्यांच्या वडिलांनाही. प्रिंट काढून हातात दिली तेव्हा आजोबांनी ती उभ्या उभ्या वाचली आणि घडी घातली.

"तुला इंग्रजी सुधारायला सांगितलं होतं," ते म्हणाले. "माझ्या वडिलांना नव्हे."

पुढचा आठवडाभर कुंपणापलीकडून साधं हॅलोसुद्धा आलं नाही. चूक माझीच होती. गुपित त्यांचं होतं, ते लिहिणारी मी कोण? पण असल्या कामाची लाज का वाटावी हे मला पटत नव्हतं, आणि त्याचाही रागच येत होता.

उत्सवाला त्यांच्या मुलीने मला आग्रहाने नेलं. हॉल भरलेला होता. नात पहिल्या रांगेत. आजोबा सूट घालून माइकपाशी उभे राहिले आणि वाचू लागले. सरदार, किल्ला, चर्च, भूकंप. सगळं त्यांच्या मूळ इंग्रजीत, माझी एकही दुरुस्ती न घेता. मी मान खाली घातली.

चौथं पान संपलं. तरी ते जागचे हलले नाहीत.

"हे सगळं खरं आहे," ते म्हणाले, "पण हे नंतरचं."

आणि ते इटालियनमध्ये बोलू लागले. मुलगी माझ्या कानात सांगत होती. "ते म्हणतायत, सरदाराच्या आधी गाव होतं, कारण पाणी होतं. आपल्या माणसांनी ते खडकातून काढलं. म्हणतायत, माझे वडील ते टाकं साफ करायचे. तुम्ही सगळे ते पाणी प्यायला आहात."

पुढच्या रांगेतल्या एक म्हाताऱ्या बाई उठल्या आणि मोठ्याने काहीतरी बोलल्या. मुलीला सांगायला वेळ लागला, कारण तिला रडू फुटलं होतं.

"त्या म्हणतायत, तळाचे दगड मोजता यायचे, इतकं स्वच्छ ठेवायचा हो तुझा बाप."

आजोबा खाली उतरले, माइक बाईंच्या तोंडाशी धरला, आणि नातीला इंग्रजीत म्हणाले, "इकडे ये. तुझ्या पणजोबांबद्दल सांगतायत."